रेल्वेचे इंजिन आपण होऊन थांबते, आपले थांबत नाही



उसाच्या पानावर रेल्वे कुठून आली, असे कोणी म्हणेल. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटातील एका सभासदाचे पाण्याचे डिझेल इंजिन ऑइल संपले तरी चालतच राहिले आणि जाम झाले. बेअरिंग गेले, क्रँक गेला, आणि ऐन वैशाखात उसाच्या तीन पाळ्या चुकल्या. म्हणून हे लिहीत आहोत.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबून तापलेल्या हवेत डिझेल पेटते. त्यामुळे डिझेल मिळेल तोवर ते चालणार, आत काही का झिजेना!

पुण्याच्या घोरपडी शेडमध्ये वर्षानुवर्षे सांभाळले गेलेले डब्ल्यूडीएम-२ इंजिन घ्या. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती. १९६४ पासून ते वाराणसीला बनू लागले. ऑइलचा दाब मर्यादेखाली गेला की त्याचे डिझेल तुटते. पाण्याची पातळी उतरली तरी तेच. मिनिटाला १००० फेऱ्यांचे हे इंजिन ११०० च्या वर पळू लागले, तर एक वेगळे यंत्र गव्हर्नरची वाट न बघता डिझेल तोडते. पाणी नुसते तापले तर मात्र आधी घंटा वाजते, कारण एकदम बंद केले तर पाणी फिरायचे थांबते आणि उष्णता हेडमध्येच कोंडते.

आपल्या ट्रॅक्टरचेही तसेच. काटा चढला पण पाणी आहे, तर भार काढून थोडा वेळ हळू चालवा. पाणीच गेले असेल तर लगेच बंद करा. गरम असताना टोपण उघडू नका, तोंड भाजते. ऑइलचा दिवा लागला तर मात्र "एवढी सरी होऊ दे" म्हणू नका. तिथेच थांबवा.

रिंगा झिजल्या किंवा ऑइल जादा भरले, तर कधी इंजिन स्वतःचेच ऑइल जाळत सुसाट सुटते. मग डिझेल बंद करूनही उपयोग नाही. डीकॉम्प्रेशनचा दांडा असेल तर तो उचला, नसेल तर हवेच्या तोंडावर जाड फळी दाबा. हात किंवा फडके नको, इंजिन ते ओढून घेते.

काही नव्या इंजिनांवर ऑइलचा दाब पडताच बंद करणारा स्विच असतो. तो सारखा बंद पाडतो म्हणून वायर काढून टाकलेली आम्ही दोन ठिकाणी पाहिली. दोन्हीकडे दोष स्विचचा नव्हता, ऑइलच कमी होते.