मुलांचे ऐकणे आणि मुलांचे शिकणे

विद्वान माणसाला मराठीत 'बहुश्रुत' म्हणतात. बहुश्रुत म्हणजे ज्याने पुष्कळ ऐकले आहे तो. पुस्तक हाती येण्यापूर्वी मूल कानाने शिकते, हे आपल्या भाषेनेच सांगून ठेवले आहे. तरीही वर्गात मागे पडणाऱ्या मुलाला आपण 'मठ्ठ' म्हणून मोकळे होतो. त्याला नीट ऐकू येते काय, हे मात्र क्वचितच पाहतो.

मूल आईच्या पोटात असतानाच, सुमारे पंचविसाव्या आठवड्यापासून, ऐकू लागते. १९८४ साली कॅनडातील जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील तान्ह्या मुलांना हिंदीतील 'त' आणि 'ट' हे ध्वनी ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक मुलांना त्यांतील फरक कळला. परंतु वर्षाची होत आलेल्या मुलांना तो कळेनासा झाला; कारण घरात तो भेद कानी पडतच नव्हता. कानावर जे पडते त्याप्रमाणे मेंदू घडतो. म्हणून बाळाशी बोलणे, अंगाई म्हणणे, गोष्ट सांगणे हेच त्याचे पहिले शिक्षण होय. घरात आपली चंदगडी बोली असली तरी कमीपणा मानू नये. त्याच पायावर पुढे शाळेची भाषा उभी राहते.

या शिकण्यात प्रामुख्याने तीन अडथळे येतात.

पहिला अडथळा कानाचा. आपल्या तालुक्यात पाऊस भरपूर आणि मुलांना सर्दीही वारंवार. सर्दीनंतर कधी कधी कानाच्या पडद्यामागे पाणी साचते. मूल बहिरे नसते, पण त्याला अस्पष्ट ऐकू येते. मग 'पाट' आणि 'पाठ' यांत त्याचा गोंधळ होतो व तोच वहीत उतरतो.

दुसरा अडथळा गोंगाटाचा. न्यूयॉर्कमधील एका शाळेला लागून उंचावरून रेल्वे जात असे. रेल्वेच्या बाजूच्या वर्गांतील सहावीची मुले वाचनात दुसऱ्या बाजूच्या मुलांपेक्षा जवळजवळ वर्षभर मागे होती, असे १९७५ साली आर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी दाखवून दिले. पुढे रुळांखाली रबर बसविले, वर्गांना आवाज शोषणारी छते केली. १९८१ च्या पाहणीत हा फरक उरला नव्हता. दोष मुलांच्या बुद्धीत नव्हता! पत्र्यावर पाऊस कोसळत असता शेवटच्या बाकावर गुरुजींचा शब्द पोचतो काय, याचा विचार आपणही करावा.

तिसरा अडथळा संवेदनांचा. काही मुलांचा कान उत्तम असतो, पण आलेला आवाज, स्पर्श, उजेड यांची सांगड घालणे मेंदूला जड जाते. अशी मुले ढोल-ताशा वाजताच कान झाकतात, रडतात. अमेरिकेतील जीन आयर्स यांनी १९७२ साली आपल्या ग्रंथात या विषयाची मांडणी केली. ही मुले हट्टी नसतात. त्यांना रागावू नये, शांत जागा द्यावी व तज्ज्ञांना दाखवावे.

पालकांनी व कार्यकर्त्यांनी एवढे अवश्य करावे :

१) हाकेला वळत नाही, वर्षाचे झाले तरी एकही शब्द बोलत नाही, टी.व्ही. मोठा लावते, कान वाहतो, यांपैकी काहीही दिसल्यास कान तपासून घ्यावेत. कानात तेल घालू नये.

२) २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा तपासणीस येते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये.

३) कमी ऐकणाऱ्या मुलास पुढच्या बाकावर बसवावे, त्याच्याकडे तोंड करून बोलावे.

४) २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकास उघड्यावर बंदी आहे, सवलतीचे दिवस मोजकेच. जयंती असो, गणेशोत्सव असो वा लग्नाची वरात, परीक्षेच्या दिवसांत आवाजाला आवर घालण्याची सुरुवात आपल्याच मंडळापासून व्हावी.

शिक्षणाने समाज पुढे जातो, हे आपण नेहमी म्हणतो. परंतु शिकविलेले मुलाच्या कानापर्यंत पोचले, तरच ते त्याच्या मनापर्यंत पोचेल. मुलाला 'ऐकत नाहीस' असे रागावण्यापूर्वी त्याला ऐकू येते ना, एवढे पाहणे हे आपल्या सर्वांचे कर्तव्य आहे.