श्रवणयंत्र, भ्रमणध्वनी आणि रेडिओ-टॅग : देणगीदारांच्या दोन प्रश्नांच्या निमित्ताने

वार्षिक अहवालात हिशेबाच्या पानांपूर्वी एखाद्या वैद्यकीय विषयाचा अभ्यास वाचकांपुढे ठेवावा, असा आमचा प्रयत्न असतो. या वर्षीचा विषय मात्र आम्ही निवडलेला नाही. तो देणगीदारांनीच आमच्यापुढे ठेवला. श्रवणयंत्रांसाठी साहाय्याचे आवाहन केले असता नांदेड आणि लातूर या दोन्ही ठिकाणांहून दोन प्रश्न वारंवार आले. पहिला असा की, हल्ली मोबाइलवरच ऐकण्याची सोय होत असताना हजारो रुपयांचे यंत्र कशासाठी घ्यावयाचे? दुसरा अधिक अवघड होता. आम्ही दिलेल्या पैशांतून वाटली गेलेली यंत्रे पुढे जातात कुठे? वाघाच्या गळ्यात पट्टा बांधला की तो कोणत्या जिल्ह्यात आहे हे समजते, मग यंत्राला तशी खूण का लावू नये? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दुसऱ्या प्रश्नाने आम्हांस काहीसे अस्वस्थ केले, हेही येथे मान्य केले पाहिजे.

प्रथम कानाविषयी. वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात सर्व आवाज सारख्या प्रमाणात कमी होत नाहीत. उच्च वारंवारतेचे ध्वनी आधी हरपतात. बोलण्यातील स्वर खालच्या पट्टीतले आणि जोरकस असतात, ते ऐकू येत राहतात. परंतु 'स', 'श', 'फ', 'ख' यांसारखी व्यंजने क्षीण आणि वरच्या पट्टीतली असल्याने निसटून जातात. 'साठ' आणि 'आठ' यांतील सारा भेद एका 'स'वर उभा आहे. 'सात' म्हटलेले 'हात' ऐकू आले तर घरात हसण्यावारी जाते. औषधाच्या खिडकीवर मात्र ते तसे जात नाही. आजोबा म्हणतात, "आवाज येतो, पण बोललेलं कळत नाही." घरची मंडळी म्हणतात, "यांना हवं तेवढं बरोबर ऐकू येतं." बहुतेक वेळा आजोबांचे म्हणणे खरे असते. त्यांच्याशी ओरडून बोलल्यानेही फारसा लाभ होत नाही, कारण ओरडताना स्वर मोठे होतात आणि व्यंजने मागेच राहतात.

गोंगाटात आयुष्य गेलेल्यांची स्थिती थोडीफार अशीच असते. नांदेडची उस्मानशाही मिल बंद पडून मोठा काळ लोटला, परंतु मागांच्या खडखडाटात उमेदीची वर्षे घालविणाऱ्या पिढीचे कान त्या आवाजाचा हिशेब पुढे चुकवीत राहिले. लातूरच्या डाळ मिलमध्ये आजही शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तो आवाज कानास अपायकारक आहे असे खुशाल समजावे. सर्वसाधारणपणे ८५ डेसिबल आवाजात ८ तास ही सुरक्षिततेची सीमा मानली जाते.

आता मोबाइल. खरे पाहता श्रवणयंत्राचा जन्मच टेलिफोनच्या घरातला. टेलिफोनचे पेटंट १८७६ साली मिळविणारे अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या आई आणि पत्नी या दोघींनाही ऐकू येत नसे, आणि बेल स्वतः कर्णबधिरांचे शिक्षक होते. पुढे १८९८च्या सुमारास अमेरिकेतील मिलर रीस हचिसन यांनी टेलिफोनमधील कार्बनच्या ध्वनिग्राहकाचा उपयोग करून विजेवर चालणारे श्रवणयंत्र तयार केले. संपूर्ण डिजिटल यंत्रे १९९६मध्ये बाजारात आली, २०१४पासून आयफोनशी थेट जोडली जाणारी यंत्रे मिळू लागली, आणि २०१८मध्ये तर साध्या बिनतारी इअरफोनवर समोरच्याचे बोलणे मोठे करून ऐकण्याची सोय त्याच फोनवर झाली. गूगलनेही २०१९मध्ये अँड्रॉइड फोनसाठी आवाज वाढविणारे आणि बोलणे अक्षरांत उमटविणारे अशी दोन अ‍ॅप दिली. सप्टेंबर २०२४मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इअरफोनमधील श्रवणयंत्राच्या एका सॉफ्टवेअरला प्रथमच मान्यता दिली. या मान्यतेच्या अटी वाचण्याजोग्या आहेत : वय १८ वर्षे वा अधिक, आणि श्रवणदोष सौम्य ते मध्यम.

या सोयीचा खरा गुण कशात आहे, हे समजून घेतले तर ती कोठे वापरावी हे आपोआप कळते. मोकळ्या जागेत बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. म्हणून मोबाइल बोलणाऱ्याच्या पुढ्यात ठेवला आणि इअरफोन ऐकणाऱ्याच्या कानात असला, तर मधले अंतर जणू नाहीसे होते. कर्णबधिर मुलांच्या शाळांतून शिक्षकांच्या गळ्यात ध्वनिग्राहक आणि मुलांच्या कानाशी रेडिओचा ग्राहक देण्याची जी जुनी पद्धत आहे, तिचेच हे घरगुती रूप होय. डॉक्टरांच्या टेबलावर, बँकेच्या खिडकीशी, कीर्तनात वा घरी दूरदर्शनसमोर ही युक्ती उत्तम चालते. खर्च जवळजवळ शून्य.

अडचण येते ती समोरासमोरच्या चालत्या-बोलत्या संभाषणात. श्रवणयंत्रात आवाज शिरून बाहेर पडण्यास सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळ लागतो. नेहमीच्या ब्लूटूथ इअरफोनमधून हाच प्रवास एकदशांश सेकंदाचा किंवा त्याहूनही अधिक होतो. ऐकण्यास हा काळ क्षुल्लक वाटतो. परंतु ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो, स्वतःचा आवाज विहिरीतून आल्यासारखा दोनदा ऐकू येतो, आणि तासाभरात माणूस वैतागून इअरफोन काढून ठेवतो. तारेचा साधा इअरफोन या बाबतीत अधिक बरा, ही गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. शिवाय श्रवणयंत्र प्रत्येक कानाच्या आलेखानुसार, ज्या पट्टीत उणीव आहे त्याच पट्टीत आवाज वाढविते, आणि भांडे पडल्यासारखा आवाज आला तर तो आवरते. नुसता सगळाच आवाज वाढवून ठेवला तर उरलेसुरले ऐकणेही धोक्यात येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मानकानुसार इअरफोनवरील ८० डेसिबल आवाज प्रौढांनी आठवड्यास ४० तासांपर्यंतच ऐकावा.

बोलणे अक्षरांत उमटविणाऱ्या अ‍ॅपविषयी आमचे मत अधिक अनुकूल आहे. ते मराठीतही चालते, आणि ज्यांना यंत्रानेही ऐकू येत नाही अशा साक्षर रुग्णांना त्याचा मोठा आधार होतो. मात्र उदगीरकडचे कानडी वळणाचे मराठी, देगलूरकडची तेलुगू मिसळलेली बोली किंवा आपल्याकडील दखनी उर्दू कानावर पडली की अ‍ॅप गोंधळते आणि भलतेच लिहून मोकळे होते. औषधाची मात्रा त्यावर विसंबून समजून घेऊ नये. ती कागदावर लिहून मागावी.

लहान मुलांच्या बाबतीत आम्ही कोणतीही सवलत देऊ इच्छित नाही. बाळाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्यापर्यंत सुरू व्हावेत, असा सर्वमान्य दंडक आहे, कारण भाषा शिकण्याचा मेंदूचा काळ फार थोडा असतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यातील पालघर येथून सुरू झाला. त्यातील आजारांच्या यादीत जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. नवजात बालकांच्या श्रवणचाचणीसाठी 'सोहम' हे भारतीय बनावटीचे उपकरणही २०१७मध्ये प्रकाशात आले. ते मेंदूपर्यंत पोचणाऱ्या श्रवणसंदेशांची नोंद घेते, त्यामुळे बाळाने प्रतिसाद देण्याची गरज उरत नाही. तरीही "मुलं उशिरा बोलतात, याचे वडीलही उशिराच बोलले" असे सांगत तीन-तीन वर्षे थांबलेली कुटुंबे आमच्याकडे येतात. त्यांतील काहींनी मधल्या काळात मुलाच्या कानाला मोबाइलचा इअरफोन लावून पाहिलेला असतो. त्यांच्या मायेविषयी शंका नाही. परंतु तो गेलेला काळ कोणत्याही देणगीने परत आणता येत नाही.

आता दुसरा प्रश्न. रेडिओ-टॅग मूलतः दोन प्रकारचे. एकात विद्युतघट नसतो. वाचक-यंत्राकडून येणाऱ्या रेडिओलहरींतूनच तो शक्ती घेतो आणि आपला क्रमांक परत पाठवितो. परावर्तित लहरींद्वारे संदेशवहनाची ही कल्पना हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ साली निबंधरूपाने मांडली होती. फेब्रुवारी २०२१पासून टोलनाक्यावर सक्तीचा झालेला आपल्या गाडीच्या काचेवरील फास्टॅग हा त्याच जातीचा, आणि २०२२पासून अमरनाथच्या यात्रेकरूंना दिला जाणारा टॅगही रेडिओलहरींवरच चालतो. दुसऱ्या प्रकारात टॅगचा स्वतःचा विद्युतघट असतो. देणगीदारांनी ज्या वाघाचा दाखला दिला, त्याचा पट्टा या प्रकारातला. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातील या वाघाच्या गळ्यात फेब्रुवारी २०१९मध्ये पट्टा बांधण्यात आला. त्याच वर्षी तो बाहेर पडला आणि तेलंगणाची सीमा ओलांडून, आपल्या नांदेड जिल्ह्यातून, पुढे हिंगोली-वाशीममार्गे बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तासातासाला मिळणाऱ्या उपग्रहाच्या नोंदींवरून त्याची ३,००० किलोमीटरांहून अधिक वाटचाल समजली.

वाघाच्या गळ्याला असा पट्टा पेलतो. श्रवणयंत्राचे वजन मात्र अवघे काही ग्रॅम असते. त्यात पहिल्या प्रकारचा टॅग बसविला तरी तो वाचण्यास काही हातांवर वाचक-यंत्र हवे. किनवटच्या तांड्यावर ते कोण ठेवणार? मोबाइलला जोडल्या जाणाऱ्या काही नव्या यंत्रांत हरवलेले यंत्र शोधण्याची सोय आहे; ती फोन आणि यंत्र यांचा संबंध शेवटी कोठे तुटला ते दाखविते. अंथरुणात, धुण्याच्या कपड्यांत वा प्रवासी पिशवीत राहिलेले यंत्र सापडण्यास ती उपयोगी पडते. यंत्राच्या डबीत ब्लूटूथचा छोटा टॅग ठेवला तर डबी सापडते. परंतु डबी कपाटात सुरक्षित आहे, एवढे कळून आपला प्रश्न सुटतो का?

येथे आमची स्वतःची चूक सांगणे आवश्यक आहे. आमच्याच एका शिबिरात आम्ही यंत्रे वाटली, छायाचित्रे काढली आणि पुढच्या तपासण्यांची नीट व्यवस्था केली नाही. पुढे त्यांतील काही यंत्रे परत पाहावयास मिळाली. ती हरवलेली नव्हती. एकाच्या नळीत मळ बसला होता. एका मुलाचा कान वाढला होता आणि साचा लहान पडल्याने यंत्र शिट्टी वाजवीत होते, म्हणून आईने ते काढून ठेवले. एका आजींनी 'सेल वाचावेत' म्हणून सगळ्या नव्या सेलवरची चिकटपट्टी काढून ते डब्यात भरून ठेवले होते. हे सेल हवेतील प्राणवायूवर चालतात. पट्टी एकदा काढली की न वापरताही ते उतरत जातात. आजींची काटकसर व्यर्थ गेली, कारण हे त्यांना आम्ही सांगितलेच नव्हते.

म्हणून यंत्र कोठे आहे यापेक्षा ते दिवसाकाठी किती तास कानात असते, हे कळणे अधिक महत्त्वाचे आहे. त्यासाठी टॅगची गरज नाही. बऱ्याच डिजिटल यंत्रांत वापराच्या तासांची नोंद आतच होत असते आणि तपासणीच्या वेळी ती श्रवणतज्ज्ञांना वाचता येते. सरासरी दोन तास दिसली तर रुग्णाला बोल लावण्यापूर्वी साचा, आवाजाची बांधणी आणि घरातील परिस्थिती पाहावी लागते. ही नोंद रुग्णाच्या संमतीनेच वाचली जाईल आणि देणगीदारांना नावानिशी कळविली जाणार नाही, असे आम्ही ठरविले आहे. दात्याचा विश्वास आम्हांस मोलाचा वाटतो. रुग्णाची लाजही तितकीच.

विश्वस्त मंडळापुढे आम्ही ठेवलेला प्रस्ताव असा : यंत्राची किंमत यापुढे एकटी धरू नये. यंत्र, वर्षभराचे सेल, लहान मुलांसाठी बदलते साचे आणि वर्षातून चार तपासण्यांचा प्रवासखर्च मिळून एक देणगी समजावी. यामुळे त्याच रकमेत यंत्रांची संख्या कमी दिसेल आणि अहवालातील आकडा लहान होईल, याची आम्हांस कल्पना आहे. टॅगवर खर्च करू नये. प्रत्येक यंत्राचा अनुक्रमांक नोंदवहीत आणि डबीवर लिहावा. सौम्य दोष असलेल्या आणि मोबाइल हाताळू शकणाऱ्या प्रौढांना चाचणीनंतर प्रथम फोनवरील सोय शिकवावी; जमले तर ते यंत्र दुसऱ्या गरजू रुग्णास मिळेल.

कुटुंबीयांस विनंती की, तपासणीस येताना रुग्णासोबत रोज त्याच्याशी बोलणारी एक व्यक्ती असावी. जुने कागद, असल्यास दिव्यांगत्वाचे ओळखपत्र, आणि जुने यंत्र बंद पडलेले असले तरी ते डबीसह आणावे. सेलची चिकटपट्टी काढू नये, आणि सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. उन्हाळ्यात घामाने यंत्र ओले झाल्यास ते उन्हात वा चुलीजवळ वाळवू नये. कोरड्या कापडाने पुसून, सेलचे दार उघडे ठेवून, रात्रभर कोरड्या डबीत ठेवावे.