जुन्या कोडला हात लावण्यापूर्वी

पतसंस्थेच्या ठेवींवरचं व्याज काढणारं एक जुनं जावा मॉड्यूल आमच्या टीमकडे आलं. एकच मेथड, पानंच्या पानं लांब, टेस्ट एकही नाही. सहकाऱ्याने ती नीट मोडून सुटसुटीत केली. रिव्ह्यूत सगळ्यांना आवडली आणि ती लाइव्ह गेली.

जुना कोड दर महिन्याला पैशांपर्यंत राउंड करायचा, नवा वर्षाच्या शेवटी एकदाच. दहा हजारांवर 7 टक्क्यांनी महिन्याचे 58 रुपये 33 पैसे, म्हणजे वर्षाचे 699 रुपये 96 पैसे. नव्या कोडने 700 दिले. गणित म्हणून नवं उत्तर अधिक बरोबर, पण ठेवीदारांच्या पासबुकात आधीचे आकडे छापून गेले होते. खात्यागणिक चार-दोन पैशांचा फरक साचला आणि शाखेची खतावणी जुळेना. कंपायलरने मात्र हूं की चूं केलं नव्हतं.

मायकल फेदर्स यांनी 2004 च्या पुस्तकात सरळच म्हटलंय की ज्याला टेस्ट नाहीत तो लेगसी कोड. त्यांची कॅरॅक्टरायझेशन टेस्ट इथे कामाची. कोडने काय करायला हवं हे तूर्त बाजूला ठेवा. आज तो काय करतो ते टेस्टमध्ये पकडा. खरी खाती घ्या, नावं पुसा, आजचं उत्तर जसंच्या तसं नोंदवा. 29 फेब्रुवारी, 31 मार्च, मुदतीआधी मोडलेली ठेव हे तर हवंच. उत्तर चुकीचं दिसलं तरी आधी नोंदवा. दुरुस्ती वेगळ्या कमिटमध्ये, पतसंस्थेला विचारून.

मग नाव बदलणं, मेथड वेगळी काढणं हे हाताने करू नका, आयडीईकडून करून घ्या. तरी आयडीईवरही डोळे झाकून विसंबू नये. स्ट्रिंग जोडून बनवलेली एसक्यूएल किंवा रिफ्लेक्शनने बोलावलेली मेथड त्याच्या नजरेतून सुटू शकते. तिथे पूर्ण प्रोजेक्टमध्ये शोधा. प्रत्येक छोट्या बदलानंतर टेस्ट चालवून कमिट करा, म्हणजे बिघाड झालाच तर गिट बायसेक्ट नेमक्या कमिटवर नेऊन सोडतं. कव्हरेजच्या टक्क्यावर माझा फार भरवसा नाही. ओळ चालली म्हणजे तिचं उत्तर तपासलं असं होत नाही.

मॅनेजरांना कळकळीची विनंती: एस्टिमेटमधून टेस्टचे दिवस कापू नका. आमच्याकडे ते कापले होते. त्याहून जास्त दिवस पुढे खाती जुळवण्यात गेले.