भाड्यातून हप्ता फिटत नाही

"भाड्यातूनच हप्ता फिटतो, साहेब." दुसरा फ्लॅट गुंतवणूक म्हणून घेणाऱ्याला पुण्यातल्या साइट ऑफिसांत हे हमखास ऐकवलं जातं. मला या वाक्याची चीड आहे, कारण ते ऐकवणाऱ्याला पुरता हिशेब ठाऊक असतो. ८० लाखांचा, बांधकाम चालू असलेला फ्लॅट धरा. ७ टक्के मुद्रांक शुल्काचे ५ लाख ६० हजार, नोंदणीचे ३० हजार, ५ टक्के जीएसटीचे ४ लाख. घर पडलं जवळजवळ ९० लाखांना. भाडं महिना २२ हजार आलं, की ८० लाखांवर ३.३ टक्के दाखवले जातात. आता वर्षातला एक महिना घर रिकामं, एका महिन्याचं भाडं एजंटाला, मेंटेनन्स महिना ४ हजार, मिळकतकर १५ हजार, एवढं वजा करा. हातात राहतात १ लाख ५७ हजार, म्हणजे ९० लाखांवर पावणेदोन टक्के. रंगरंगोटी, गळती आणि प्राप्तिकर अजून जायचाच आहे. ६० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता सुमारे ५२ हजार. भाड्यातून त्याचा निम्माही निघत नाही.

यावर ठरलेलं उत्तर असतं: भाड्याचं सोडा, भाव वाढतो ना! वाढतो, पण वाढते मुख्यतः जमिनीची किंमत. इमारत जुनी होत जाते. शेजारच्या प्लॉटवर नवा टॉवर उभा राहिला, की गिऱ्हाईक तिकडे वळतं. शिवाय ८० चे ९० लाख होईपर्यंत तुम्ही फक्त बरोबरीला येता. विकताना दलाली आणि नफ्यावर भांडवली कर आहेच. दुसरं उत्तर, घर डोळ्यांना दिसतं, बुडत नाही. खरं आहे. पण फ्लॅटमधली एक खोली विकून दवाखान्याचं बिल भरता येत नाही. राहायला घर घेण्याला माझा विरोध नाही. कर्ज न काढता, पंधरा-वीस वर्षं हात न लावण्याच्या तयारीने कुणी घेत असेल, तर त्याचं गणित वेगळं.

तरीही घेणारच असाल, तर भाडं शून्य धरून स्वतःच्या पगारातून हप्ता झेपतो का ते आधी बघा. प्रकल्प महारेराच्या संकेतस्थळावर तपासा आणि दर कार्पेट एरियावर काढा. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. बुकिंगची घाई करणारे हे सांगत नाहीत. भाडेकरू ओळखीचा असला तरी लिव्ह अँड लायसन्स नोंदवाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी घरमालकाची आहे, आणि नोंदणी नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. नोंदणी असेल तर कलम २४ तुमच्या बाजूने उभं राहतं: मुदत संपूनही न निघणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. सोसायटीने बिनभोगवटा शुल्क जास्त लावलं, तर सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा दाखवून लेखी हरकत घ्या. तोंडी आश्वासनावर विसंबू नका. भाड्यातून हप्ता फिटेल म्हणणाऱ्याकडे वरचा सगळा हिशेब लेखी मागा. तो टाळाटाळ करू लागला, तर चेकबुक बाहेर काढू नका.