पाण्याची धार, पोलादावर वार!

पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या सीमेवर कुकडी नदीच्या पात्रात निघोजचे रांजणखळगे आहेत. काळ्याकुट्ट बेसाल्टमध्ये रांजणासारखे खोल, गुळगुळीत खड्डे! हे कोणी कोरले? उत्तर येतं, 'पाण्याने'. पण हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. नुसतं पाणी बेसाल्टचं फारसं काही बिघडवू शकत नाही. भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे आणि वाळू गरागरा फिरत राहतात आणि खडक घासत जातात. पाणी फक्त त्यांना पळवतं.

मित्रांनो, एवढं डोक्यात पक्कं बसलं की वॉटरजेट कटिंग मशीन अर्धं समजलं म्हणून समजा. निसर्गाला ज्या कामासाठी हजारो वर्षं लागतात ते काम हे मशीन मिनिटांत करतं, आणि तेही ड्रॉइंगप्रमाणे. आपल्या अभ्यासक्रमात हा विषय अपारंपरिक प्रक्रियांच्या युनिटमध्ये दोन पानांत उरकलेला असतो. तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत इनप्लांट ट्रेनिंगसाठी मी एका जॉब शॉपमध्ये होतो. तिथे जे पाहिलं, ते त्या दोन पानांत मावण्यासारखं नाही, म्हणून हा लेख.

थोडा इतिहास

१९५०च्या दशकात नॉर्मन फ्रान्झ नावाच्या अमेरिकन वन अभियंत्याने पाण्याच्या जोरदार धारेने लाकूड कापायचे प्रयोग केले. तेव्हा सतत इतका दाब देणारा पंपच नव्हता, त्यामुळे लाकूड कापलं तरी उद्योग उभा राहिला नाही. पुढे पंप सुधारले आणि नुसत्या पाण्याने कागद, फोम अशा मऊ वस्तू कापल्या जाऊ लागल्या. खरी क्रांती १९८०च्या सुमारास झाली. मोहम्मद हाशिश यांनी धारेत अपघर्षक कण मिसळले आणि पोलाद, काच, काँक्रीट सगळंच तिच्या टप्प्यात आलं. म्हणजे निघोजचीच युक्ती!

दाब येतो कुठून?

मशीनचं हृदय म्हणजे इंटेन्सिफायर पंप. त्यात एक मोठा पिस्टन आणि त्याच्या दोन्ही टोकांना बारीक प्लंजर असतात. मोठ्या पिस्टनवर तेलाचा दाब, प्लंजरपुढे पाणी. क्षेत्रफळांचं गुणोत्तर २० असेल तर तेलाच्या २०० बारचे पाण्यात ४,००० बार होतात. हा पास्कलचा तोच नियम, जो आपण पाठ केला होता.

४,००० बार म्हणजे किती? दहा मीटर पाण्याचा स्तंभ साधारण १ बार दाब देतो. म्हणजे हा दाब ४० किलोमीटर उंच स्तंभाचा झाला! एव्हरेस्टवर एव्हरेस्ट असे साडेचार रचा. पाणी दाबलं जात नाही असं आपण धरून चालतो, पण इतक्या दाबाला तेही दहा टक्क्यांहून जास्त आकसतं. पिस्टन दिशा बदलतो तेव्हा दाबात झटका येतो. तो शोषून घ्यायला पुढे एक जाड सिलिंडर असतो, त्याला अटेन्युएटर म्हणतात.

आता एक गणित

हे पाणी नीलम किंवा हिऱ्याच्या ऑरिफिसमधून सोडतात. भोक ०.३५ मि.मी. धरा. बर्नुलीवरून वेग = √(२ × दाब ÷ घनता).

दाब ४०० मेगापास्कल, घनता १,००० किलो प्रति घनमीटर. उत्तर सुमारे ८९४ मीटर प्रति सेकंद. हवेतल्या ध्वनीच्या वेगाच्या अडीचपटीहून जास्त! (प्रत्यक्षात थोडा कमी.) भोकाचं क्षेत्रफळ आणि ०.६५ हा डिस्चार्ज सहगुणक घेतला तर मिनिटाला जेमतेम साडेतीन लिटर पाणी येतं. म्हणजे नळाच्या बारीक धारेएवढंच. पण दाब गुणिले प्रवाह केलं की शक्ती निघते २२ किलोवॅटच्या वर. जवळपास ३० हॉर्सपॉवर केसाच्या काही पट जाडीच्या धारेत! हे गणित वहीत स्वतः करून बघा, ओरलला हमखास उपयोगी पडेल.

ऑरिफिसखाली मिक्सिंग चेंबर. धार इतक्या वेगाने जाते की तिथे निर्वात तयार होतो आणि गार्नेटचे कण आपोआप आत ओढले जातात, मिनिटाला साधारण ३०० ते ५०० ग्रॅम. पुढे टंगस्टन कार्बाइडच्या सुमारे १ मि.मी. भोकाच्या नळीतून पाणी आणि गार्नेट एकत्र बाहेर पडतात. प्रत्येक कण म्हणजे एक छोटं कटिंग टूल. तामिळनाडूच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या वाळूतही गार्नेट सापडतं. मग याहून कठीण अॅल्युमिनियम ऑक्साइड का वापरत नाहीत? कारण ते जॉबच्या आधी नळीच खाऊन टाकेल.

काय कापता येतं?

१) नुसत्या पाण्याने : फोम, रबर, कापड, चामडं, पुठ्ठा, अगदी केकसुद्धा.
२) गार्नेटसह : पोलाद, अॅल्युमिनियम, तांबं, टायटॅनियम, ग्रॅनाइट, संगमरवर, काच, कार्बन फायबर. १५० मि.मी. जाड पोलादही कापतं, फक्त वेग मिनिटाला काही मि.मी. इतका उतरतो.
३) न जमणारं : टफन केलेली काच. तिच्या आत ताण कोंडलेला असतो, धार लागताच चुरा! म्हणून आधी कापायची, मग टफन करायची. थरांच्या कॉम्पोझिटमध्ये पहिलं भोक पाडताना पाणी थरांत घुसून ते सुटू शकतात, म्हणून सुरुवात कमी दाबाने करतात.

लेझर असताना हे कशाला?

हा प्रश्न मीही विचारला होता. पातळ पत्र्यात लेझर नक्कीच वेगवान आणि बहुतेक वेळा स्वस्त. प्लाझ्मा आणि वायर कटला तर विजेचा वाहकच लागतो, काच-दगड बाद. पण लेझर-प्लाझ्मा उष्णतेने कापतात. कडेचा थर तापून कडक होतो, आणि त्या कडेला आटे पाडायला गेलं की टॅप मोडतो. वॉटरजेटमध्ये घर्षणाची उष्णता पाणी तिथल्या तिथे घेऊन जातं. धातूची रचना बदलत नाही, पातळ जॉब वाकत नाही. म्हणून टायटॅनियमसारख्या महाग मालाला लोक वेळ देतात पण उष्णता देत नाहीत.

तोटेही आहेतच. धार ही कडक सळई नाही. पुढे सरकताना तिचं खालचं टोक मागे रेंगाळतं. त्यामुळे कडेची वरची बाजू गुळगुळीत आणि खाली तिरप्या रेघा दिसतात. कोपऱ्यावर वेग कमी केला नाही तर वर कोन बरोबर आणि खाली भलताच! वेग वाढवला की कड निमुळती होते. ड्रॉइंग देताना 'कुठली कड महत्त्वाची' हे लिहून दिलं तर तिथेच सावकाश कापून पैसे वाचतात. गार्नेटचा खर्च मोठा असतो, आणि साध्या पोलादाचा जॉब लगेच पुसून तेल लावला नाही तर गंज धरतो.

सगळ्यात महत्त्वाचं

मशीनवरच्या काकांना मी विचारलं, "काका, पाणीच तर आहे, एवढं गार्ड कशाला?"

त्यांनी खिशातून एक कार्ड काढलं. त्यावर डॉक्टरांसाठी सूचना होत्या. "हे मी रोज जवळ ठेवतो बाळा," ते म्हणाले. "धार बोटाला लागली तर बाहेर टाचणी टोचल्याएवढंच दिसतं. माणूस पट्टी बांधून घरी जातो. आत मात्र पाणी आणि घाण पार तळव्यापर्यंत गेलेली असते. दवाखान्यात हे कार्ड दाखवायचं, म्हणजे कोणी 'किरकोळ आहे' म्हणून परत पाठवत नाही."

हे अतिशयोक्त नाही. उच्च दाबाच्या धारेची जखम ही दिसायला छोटी पण शस्त्रक्रियेची तातडीची केस असते. उशीर झाला तर बोट, कधी हातही गमवावा लागतो. आपल्याला करवत बघून भीती वाटते, पाणी बघून वाटत नाही. धोका नेमका तिथेच आहे. तेव्हा ट्रेनिंगला किंवा प्रोजेक्टचा जॉब कापायला गेलात तर तीन गोष्टी पाळा : पंप चालू असताना नोझलजवळ हात न्यायचा नाही, गळती बोटाने शोधायची नाही आणि टाचणीएवढी जखम झाली तरी थेट हॉस्पिटल गाठून काय लागलं ते स्पष्ट सांगायचं.

परीक्षेत या विषयाला फार तर आठ मार्क. पण एखादा जॉब कशाने कापायचा हे ठरवायची वेळ नोकरीच्या पहिल्याच महिन्यात येऊ शकते. तेव्हा स्वतःला चार प्रश्न विचारा : मटेरियल कोणतं, जाडी किती, उष्णता चालेल का, आणि कड किती चांगली हवी? उत्तरं मिळाली की प्रक्रिया आपोआप ठरते.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी