तृष्णा आणि मोबाइलवरील खरेदी

घनसावंगीत पूर्वी खरेदीसाठी आपण आठवडी बाजाराची वाट पाहत असू. आज मोबाइलवर बोट टेकवताच वस्तू दारी येते. विचाराला मिळणारा वेळच संपला.

तथागतांनी प्रतीत्यसमुत्पादात वेदनेतून तृष्णा व तृष्णेतून उपादान निर्माण होते, असे सांगितले. वस्तूचे चित्र पाहून सुख वाटणे ही वेदना, ती हवीच वाटणे ही तृष्णा आणि घेतल्याशिवाय चैन न पडणे हे उपादान. ‘दोनच नग शिल्लक’ अशी खोटी घाई दाखवून ही साखळी वेगाने पुढे ढकलली जाते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ फसव्या प्रकारांना मनाई केली. तरी पहिला पहारा आपल्याच मनावर हवा.

सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत : एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी, चौथा संकटकाळासाठी. कापसाच्या पैशांतील हा चौथा भाग चपला-कपड्यांत गेला, तर मुलीच्या फीसाठी सावकाराचे दार गाठावे लागते.

म्हणून आम्ही सुचवितो : हवीशी वस्तू वहीत लिहावी, एक रात्र जाऊ द्यावी, सकाळी घरच्यांसमवेत ठरवावे, की ती कोणत्या भागातून घ्यायची. उत्तर न मिळाल्यास घेऊ नये. वेदना टळत नाही. तिची तृष्णा होऊ न देणे आपल्या हाती आहे.