एका प्रथिनाची ओळख

पेशींचीं बहुतेक कामें प्रथिनें करितात. कांहीं प्रथिनें पेशीच्या पृष्ठभागावर असतात. दारावरील पाटीप्रमाणें त्यांवरून पेशीची जात ओळखतां येते.

१९८३ सालीं अमेरिकेंतील बोस्टन येथें 'बी' जातीच्या श्वेतपेशींवर असें एक अज्ञात प्रथिन आढळलें. पुढें त्यास 'सीडी-१९' हें नांव मिळालें. तेव्हां ती केवळ खूण होती, औषध नव्हे. परंतु रक्ताच्या कांहीं कर्करोगांत बिघडलेल्या पेशी याच जातीच्या असतात व त्यांवरहि ती खूण असते.

तिचा उपयोग आमच्या मीरा रोडपासून फार दूर नसलेल्या पवईच्या आयआयटींत झाला. तेथील डॉ. राहुल पुरवार यांनीं टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या साह्यानें एक उपचार सिद्ध केला. रुग्णाच्याच 'टी' पेशी काढून त्यांत नवें जनुक घालितात. मग ती खूण ओळखून त्या रोगी पेशींना मारितात. ऑक्टोबर २०२३ मध्यें यास सरकारी मान्यता मिळाली. खर्च परदेशांतील खर्चाच्या सुमारें दशांश आहे. चाचणींत ज्यांचा परिणाम तपासतां आला, त्यांपैकीं सुमारें ७३ टक्के रुग्णांना गुण आला.

मात्र निरोगी 'बी' पेशीहि त्यांत मरतात, व रुग्णास इतर रोगांपासून जपावें लागतें. म्हणून अधिक नेमक्या खुणांचा शोध चालूच आहे.

खूण सापडल्यापासून येथील औषधापर्यंत ४० वर्षें गेलीं. तेव्हां पालकहो, आम्हांस इतकेंच सांगावयाचें आहे: मूल एखादी वस्तु निरखीत बसलें, तर 'याचा उपयोग काय?' असें विचारून त्यास उठवूं नये.